खालची दोरी कुणी सोडली

अन्याय झाला तो आमच्या क्लबात शिडं बांधणाऱ्या मावशींवर. मे महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी, खडकवासल्याच्या काठावर, वीसेक माणसांच्या देखत. "तुमच्या बांधणीमुळे शीड फाटलं," असं त्यांना सांगण्यात आलं. ते खोटं होतं. सांगणाऱ्याला ते खोटं आहे हे ठाऊक नव्हतं. ऐकणाऱ्यांपैकी एकीला ठाऊक होतं. ती एक म्हणजे मी.

काय झालं, कुणाला झालं आणि कधी झालं हे पत्रकाच्या पहिल्या तीन ओळींत आलंच पाहिजे, असं मी कॉलेजात शिकले होते. चौथी गोष्ट, कुणी केलं, ती लिहिताना आम्ही नेहमी समोरच्या बाजूकडे बोट दाखवायचो. ह्या वेळी समोरची बाजू आरशात होती, म्हणून मला आठ दिवस लागले.

तेव्हा हिंजवडीत रोज एक नवी काचेची इमारत उभी राहत होती आणि मी त्यातल्याच एकीत सॉफ्टवेअरच्या चुका शोधण्याची नोकरी करत होते. मूळची वर्ध्याकडची, राहायला कर्वेनगरात, दोन मैत्रिणींबरोबर. रविवारी धरणाच्या काठावर पत्रकं वाटायचे: पाण्यात राडारोडा टाकू नका, टाकणाऱ्यांचे ट्रक अडवा. तिथेच ह्या क्लबचं पत्र्याचं शेड होतं. एक दिवस सेक्रेटरींनी माझं पत्रक घेतलं, चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "शुद्धलेखन बरं आहे. पोहता येतं का?" येत होतं. त्यांनी मला फळीवर उभं केलं.

विंडसर्फिंग म्हणजे एवढंच: पायाखाली फळी, हातात शीड, आणि वारा नेईल तिकडे न जाता आपल्याला हवं तिकडे जायचं. पुण्यात हा खेळ आला तो ऑनसाइटला, म्हणजे कंपनीच्या परदेशातल्या कामावर, जाऊन आलेल्यांच्या सामानातून. कुणी जर्मनीतून शीड आणलं, कुणी अमेरिकेतून कार्बनची डोलकाठी. विमानतळावर कस्टमवाल्याला "ही मासेमारीची काठी नाही" हे पटवण्यात तास घालवल्याचे किस्से प्रत्येकाकडे होते. सामान आलं. ते बांधायचं कसं, हे कुणाच्याच बॅगेत आलं नव्हतं.

शर्यतीचं शीड म्हणजे साधं कापड नव्हे. पारदर्शक प्लॅस्टिकचा मोठा पडदा, त्यात आडव्या पट्ट्या, आणि पट्ट्यांच्या टोकाला डोलकाठीला मिठी मारणारे चिमटे. काठी शिडाच्या बाहीत घालायची, चिमटे एकेक करून बसवायचे, मग खालची दोरी ओढायची. ही दोरी शीड काठीवरून खाली खेचते आणि काठी वाकवते. मागची दोरी शीड मागे ताणते. दोन दोऱ्या आहेत, बाकी काही नाही. पण ह्या दोन दोऱ्या बरोबर बसल्या तर तुम्ही वाऱ्यावर स्वार होता, दोन बोटांचा फरक पडला तर वारा तुमच्यावर.

मावशी ह्या कामात आल्या त्या ताडपत्रीमुळे. धरणाच्या खालच्या गावात रस्त्याला लागून त्यांचं टेंपोचे हूड शिवण्याचं दुकान होतं. दाभण, जाड दोरा, पायानं चालवायचं दणकट मशीन. सेक्रेटरी एकदा शेडवरची फाटकी ताडपत्री घेऊन गेले, मावशी माप घ्यायला आल्या, आणि तिथे चौघे इंजिनिअर एका शिडाशी झटत होते. मावशी थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मागनं वढून काय व्हतंय? वरनं खाली उरेब ताण द्या की."

चौघांपैकी कुणालाच उरेब म्हणजे काय ते कळलं नाही. सेक्रेटरींना कळलं, कारण त्यांच्या आईच्या पोलक्यांची कापडं उरेब कापली जायची. तिरक्या धाग्यावर कापड कसं झोळ धरतं, कसं सोडतं, हे ज्यांनी आयुष्यभर हातानं पाहिलं त्या बाईला शीड समजायला एक दुपार पुरली. पुढच्या महिन्यापासून क्लबची सगळी शिडं मावशी बांधू लागल्या. शनिवार-रविवार, दुपारी बारा ते पाच. त्या स्वतः एकदाही फळीवर उभ्या राहिल्या नाहीत. "मला पवता येत न्हाई, आन् तुमाला शिवता येत न्हाई. झालं बराबर," असं म्हणायच्या.

त्यांनी बांधलेलं शीड जमिनीवर कुरूप दिसायचं, हे आधीच सांगते, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला. वरचा तिसरा हिस्सा मागच्या कडेला सैल, सुरकुतलेला, इस्त्री न केलेल्या सदऱ्यासारखा. आम्हा ऑफिसातल्या लोकांना ते बघवत नसे. आम्हाला सगळं ताठ हवं. आमच्यातल्या एकानं, ऑनसाइटला तीन वर्षं काढलेल्यानं, एक तक्ता बनवला होता: वारा किती, त्याप्रमाणे खालची दोरी किती सेंटिमीटर, मागची किती. शिडाच्या पिशवीवर कंपनीनं छापलेले आकडे घेऊन एक्सेलमध्ये गुणाकार-भागाकार केला आणि लॅमिनेट करून शेडच्या दारावर लावला. मावशींनी तो नीट वाचला आणि विचारलं, "हा वारा कुठला?"

"म्हणजे?"

"हे आकडं ज्यानं काडलं, त्याच्याकडचा वारा कसा असतो?"

"समुद्रावरचा. सलग."

"आपला तुकड्यातुकड्यानं येतो," मावशी म्हणाल्या, आणि कामाला लागल्या. पानशेतच्या बाजूनं, डोंगरांच्या फटीतून वारा येतो तो खरंच तसा येतो. दोन मिनिटं काही नाही, मग पाठीत गुद्दा. गुद्दा आला की शिडाचा वरचा भाग आपोआप उघडून जास्तीचा वारा सोडून द्यायला हवा. त्यासाठी तो सैल, आणि खालची दोरी जितकी जास्त ओढावी तितका तो सैल पडतो. मावशी खालच्या दोरीवर नेलपॉलिशची एक लाल रेघ मारत. रेघ दोरी पकडून धरणाऱ्या खटक्याच्या तोंडाशी आली की बास. ही गोष्ट त्या विचारेल त्याला समजावून सांगत. मी विचारली नव्हती. मी तक्ता पाठ केला होता.

त्या शनिवारी पुढच्या रविवारच्या शर्यतीचा सराव होता. मुंबईकडचा एक क्लब येणार होता. क्लबचं सगळ्यात नवं शीड मला मिळालं होतं. मावशींनी ते बांधून ठेवलं आणि त्या चहाला गेल्या. मी ते उचललं, वर बघितलं, सुरकुत्या दिसल्या. मला खरोखर वाटलं की बाई विसरल्या. विचारायला पन्नास पावलं चालावं लागलं असतं. मी खालची दोरी तीन बोटं सोडली, मागची ओढली, तक्त्याशी ताडून पाहिलं. शीड ढोलकीसारखं ताठ झालं. टिचकी मारली तर वाजत होतं. मला इतकं बरं वाटलं की मी ते सोबत आलेल्या खोलीवरच्या मैत्रिणीला वाजवून दाखवलं.

पाण्यात शंभर मीटरवर गुद्दा आला. शीड उघडलं नाही. त्यानं मला फळीवरून उचलून पुढे फेकलं, आणि कमरेच्या पट्ट्याचा, शिडाला अडकवायचा लोखंडी हूक शिडाच्या मधोमध आरपार गेला. पारदर्शक पडदा मधून खालपर्यंत उभा फाटला. मला काही झालं नाही. मला दोघांनी ओढून काठावर आणलं, शीड सगळ्यांसमोर आडवं पडलं, आणि सेक्रेटरी आले.

सेक्रेटरींबद्दल वाईट लिहायला मी बसलेले नाही. बँकेतून निवृत्त झालेले, शनिवार पेठेतले, क्लब स्वतःच्या घरासारखा झाडणारे. पण त्यांना एक सवय होती. काही मोडलं की ते आधी सभासदाला विचारत नसत.

"मावशी, हे आपण बांधलं होतं ना?"

"व्हय."

"मग बांधणीत दोष आहे. तुमच्या बांधणीमुळे शीड फाटलं. अहो, पोरगी वाचली हे नशीब."

मावशी खाली बसल्या. फाटलेल्या जागेकडे त्यांनी बघितलंच नाही. खालची दोरी हातात घेतली. लाल रेघ खटक्यापासून तीन बोटं लांब होती. त्यांनी मान वर केली. "कुणी हात लावला व्हता का?"

मी घड्याळात बघितलं. पाच वाजून दहा.

दुसऱ्या दिवशी शेडच्या भिंतीवर फलक लागला. सेक्रेटरींच्या अक्षरात, पांढऱ्यावर काळा: "शिडांस हात लावण्याचा अधिकार केवळ सभासदांस आहे. इतरांनी दोरीच्या पलीकडे उभे राहावे. 'मी नेहमीच बांधते' ही सबब ऐकली जाणार नाही." आवाराभोवती काथ्याची दोरी बांधली गेली. कमिटीच्या सभेच्या इतिवृत्तात लिहिलं गेलं: बांधणीतील दोषामुळे शीड फाटले.

क्लबचं काम गेलं एवढ्यावर हे थांबलं असतं तर मावशींना फरक पडला नसता, त्यांचं टेंपोच्या हुडांचं काम होतं. पण गाव लहान. मंगळवारपर्यंत रस्त्यावरच्या चहावाल्यापाशी बोललं जात होतं की मावशींच्या हातचं आता उसवतं, शहरातल्या साहेबांनी काढून टाकलं. एक टेंपोवाला हूड शिवायला टाकून परत घेऊन गेला. बाईकडे दुसरं काही नव्हतं, हाताचं नाव होतं. तेच गेलं.

आणि मी काय केलं? पत्रक लिहिलं. बुधवारी, ऑफिसात, टेस्टिंगच्या कामात. चांगलं लिहिलं होतं, अजून सांगते. परदेशी सामानाची पूजा करणाऱ्या आणि गावच्या हाताला गुन्हेगार ठरवणाऱ्या मानसिकतेचा मी त्यात चिंधड्या होईपर्यंत समाचार घेतला होता. कमिटीला सात प्रश्न विचारले होते. गुरुवारी अर्धी रजा टाकून ते मावशींना दाखवायला दुकानात गेले. मावशी हुडाची कड दुमडत होत्या. म्हणाल्या, "वाच. माजं हात गुतल्यात."

मी वाचलं. आवाज चढवून वाचलं. मशीन चालूच होतं. संपल्यावर त्यांनी दोरा दातानं तोडला आणि विचारलं, "समदं हाय. दोरी कुणी सोडली ते कुठं हाय?"

मी म्हटलं, "ते... ते कुणालाच माहीत नाही ना, मावशी."

"सोडल्यावर त्यानं श्येवटाला गाठ मारलीया. बुटाच्या नाडीची मारत्यात तशी, दोन कानांची. आन् उरल्याली दोरी आत खुपसलीया, येवस्थित." त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. मी बूट घातले होते. "माझ्या शेडात अशी गाठ मारनारी एकच हाय."

मला वाटलं आता त्या ओरडतील. त्यांनी हूड उलटा केला आणि दुसरी कड घेतली.

"मग तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तू उबी व्हतीस की थितं. तुला तोंड व्हतं."

मी रडले नाही. रडले असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटतं, पण तसं झालं नाही. मी चिडले, आधी त्यांच्यावर, मग पत्रकावर. पत्रक घडी करून पिशवीत टाकलं. मावशी म्हणाल्या, "कागूद ऱ्हाऊ दे. रविवारी शिडं बांधनार कोन?"

"आम्हीच. फलकाप्रमाणे सभासदच."

"तक्ता बगून?"

मी पिशवी बंद केली.

"माझ्या बांधनीचं नाव खराब झालंय पोरी, आन् रविवारी समदी जनं तोंडावर आपटली तर लोक म्हनतील, बाईनं शिकवलं व्हतं तसंच बांधलं. बाराला येते मी. दोरीच्या पल्याड उबी ऱ्हाते. पाटीवर 'हात लावू नका' म्हनलंय. 'बोलू नका' न्हाई म्हनलं."

रविवारी बाराला त्या आल्या. काथ्याच्या दोरीला पोट टेकवून उभ्या राहिल्या, दोन्ही हात पाठीमागे. सेक्रेटरी लगेच आले. "मावशी, आपण फलक वाचला असेलच."

"वाचला. हात मागं हायती साहेब. बघा की मागं यिऊन."

सेक्रेटरी खरंच मागे जाऊन बघून आले. मग म्हणाले, "उन्हात उभ्या राहू नका," आणि स्वतःची खुर्ची आणून दिली. त्या बसल्या नाहीत.

आमची पाच शिडं होती. पाचही मावशींच्या आवाजावर बांधली गेली, आणि त्यातली तीन माझ्या हातांनी. "काठी आदी पुसून घे, वाळू ऱ्हायली तर बाही चावंल." "चिमटा जोरानं न्हाई, फिरवून बसव." "आता वढ. अजून. पाय लाव काठीच्या बुडाला आन् वढ. दमलीस? टेस्टिंगच्या नोकरीत हात गेलं तुजं." "वरची कड बघ. हाताच्या पंजानं ढकल. ढिली लागती? किती पट्ट्यांपर्यंत? दोन? मग अजून अर्धं बोट. तिसऱ्या पट्टीपर्यंत ढिली पायजे." "मागची जास्त नको. पोटात झोळ ऱ्हाऊ दे, वारा मेला की तोच चालवतो." शेवटी अॅलन कीनं, सहा कोनी किल्लीनं, पट्ट्यांचा ताण: उभी सुरकुती जाईपर्यंत फिरवायचं, ती गेली की थांबायचं, पुढचा पाव फेराही नाही. वीस फुटांवरून, पाठीमागे हात बांधून, त्यांना सुरकुती दिसायची. मला नाकासमोर दिसत नव्हती.

तक्तावाल्यानं मध्येच विचारलं, "मावशी, हे तक्त्यापेक्षा चार सेंटिमीटर जास्त जातंय."

"मग तक्त्याला म्हनावं, पानी पी."

मुंबईची शिडं आमच्या शेजारीच आडवी होती. ताठ, चकचकीत, एक सुरकुती नाही. त्यांचा एक जण आमच्याकडे बघून मित्राला म्हणाला, ह्यांची तर वाळत घातल्यासारखी दिसतात. मावशींनी ऐकलं. त्यांनी माझ्या शिडाची खालची दोरी आणखी अर्धं बोट ओढायला लावली.

तीनला वारा सुटला, तुकड्यातुकड्यानं. पहिल्याच फेरीत मुंबईचे दोघे आडवे झाले, पुढच्या फेरीत आणखी एक. माझ्या शिडाला गुद्दा लागला तेव्हा मी डोळे मिटून घेतले, कारण मागच्या शनिवारचं अंगात होतं. काही झालं नाही. वर पाहिलं तर शिडाचा माथा पंख्यासारखा उघडला होता आणि वारा त्यातून निघून जात होता. फळी तेवढी पुढे पळाली. ते कुरूप, सुरकुतलेलं शीड पाण्यावर इतकं देखणं दिसत होतं की मी एका बोयापाशी, म्हणजे शर्यतीच्या तरंगत्या खुणेपाशी, वळायला विसरणार होते. आमच्यातला एक दुसरा आला, मी तिसरी. पण मला अभिमान वाटतो तो क्रमांकाचा नाही. आमची पाचही शिडं न पडता परत आली, आणि त्यातली तीन माझ्या हातची होती, आणि ते हात एका बाईच्या जिभेवर चालले होते. आजही कुणी मला विचारलं की तुला काय येतं, तर मी टेस्टिंग सांगत नाही.

बक्षिसाच्या चहाच्या वेळी मी उभी राहिले. भाषणाची तयारी नव्हती, मुद्दे काढले नव्हते. म्हटलं, "मागच्या शनिवारी मावशींनी बरोबर बांधलेलं शीड मी त्यांना न विचारता बदललं. खालची दोरी मी सोडली. शीड माझ्यामुळे फाटलं. मला हे तेव्हाच माहीत होतं."

कपबशा खाली ठेवल्याचे आवाज आले. सेक्रेटरी म्हणाले, "उशीर केलात. असं करा, हे लेखी द्या. तोंडी गोष्टीनं इतिवृत्त दुरुस्त होत नाही."

मी तिथेच, शर्यतीच्या निकालाच्या कागदामागे लिहून सही केली. चार ओळी. आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात छोटं पत्रक. त्याची एक प्रत मी चहावाल्याच्या टपरीवर लावली, कारण मावशींचं नाव सभेत गेलं नव्हतं, तिथे गेलं होतं. चहावाल्यानं ते गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि शेवटी माझ्या सहीनंतर स्वतःचं एक वाक्य जोडलं, ते मी इथे लिहीत नाही.

पुढच्या सभेत सेक्रेटरींनी दुरुस्त इतिवृत्त उभं राहून वाचलं आणि बोलावून आणलेल्या मावशींकडे वळून, हात जोडून म्हणाले, "माझी चौकशी अपुरी होती." मावशींनी एक अट घातली: शर्यतीच्या छापील पत्रिकेत खेळाडूंच्या खाली शिडं कुणी बांधली ते छापायचं. तेव्हापासून छापलं जातं. त्यांचं नाव पहिलं असतं. दोन वर्षांनी त्याच्याखाली माझं आलं. ती पत्रिका मी आईला वर्ध्याला पाठवली. पहिला पगार झाला तेव्हाही मी तिला काही पाठवलं नव्हतं.

मावशींनी मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. त्यांनी मला काम शिकवलं. दोन्ही एकच असतं का, मला माहीत नाही, आणि त्याचा निकाल माझ्या बाजूनं लावायचा हक्क मला नाही.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या ऑफिसात, सोसायटीत, घरात, तुमच्या हातून झालेल्या चुकीची शिक्षा ह्या घडीला कुणीतरी दुसरं भोगतं आहे. कामवाली असेल, वॉचमन असेल, हाताखालचा नवा मुलगा असेल. तो कोण, ते तुम्हाला माहीत आहे. हे वाचताना त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आलाच आहे. माझी गोष्ट बाजूला ठेवा. कागद घ्या, मी केलं असं लिहा, खाली सही करा, आणि जिथे त्याचं नाव खराब झालं तिथे जाऊन तो कागद लावा. उद्या नको, आज. आणि तोंडी नको.